जुन्या वाद्याच्या नावाची मालकी कशी तपासावी

जुन्या वाद्याचे नाव पुन्हा बाजारात आणण्याची इच्छा मुंबईत मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना होते. गिरगाव-दादरकडच्या एखाद्या बंद पडलेल्या पेटीवाल्या (हार्मोनियम बनवणाऱ्या) पेढीच्या वारसांना वाटते की आजोबांचे नाव अजून गवयांच्या तोंडी आहे, तेव्हा त्याच नावाने पुन्हा पेट्या बनवाव्यात. धोबी तलावच्या आसपास वाद्यांचा व्यापार करणाऱ्याला वाटते की युरोपातल्या एका विस्मरणात गेलेल्या पियानोचे नाव इथे कुणीच वापरत नाही, मग ते आपण का घेऊ नये. दोघांनाही बाजारात तयार उत्तरे मिळतात. पहिल्याला सांगितले जाते की आडनाव तुमचे, म्हणजे नाव तुमचेच. दुसऱ्याला सांगितले जाते की जो आधी रजिस्टर करील, नाव त्याचे. दोन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे, परंतु त्यांच्या भरवशावर लाकूड, सूर (पेटीतली आवाज देणारी पाती) आणि कारागिरांची मजुरी यांत पैसे घालणे शहाणपणाचे नाही.

ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार नावाची मालकी ठरवताना दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. हे नाव कुणाच्या हातून कुणाकडे कोणत्या लेखाने गेले, ही पहिली. आणि या नावाने खरोखर कोणता माल, कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत विकला गेला, ही दुसरी. कागद आहेत पण वापर नाही, किंवा वापर आहे पण कागद नाहीत, अशीच प्रकरणे पुढे कोर्टात जातात. म्हणून पुढे सांगितलेली तपासणी अर्ज भरण्याच्या आधी करावी. रक्कम मोठी असेल तर शेवटचा निर्णय ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाला विचारूनच घ्यावा, मात्र त्याच्याकडे जाताना हे सर्व हाताशी असले तर त्याचा आणि आपला दोघांचाही वेळ वाचतो.

वाद्य बनवणारा आणि नावाचा मालक

वाद्यांच्या जगात एक समजूत फार घट्ट आहे, ती ही की ज्याच्या हातात कसब, त्याचे नाव. कायदा असे मानत नाही, आणि याची उदाहरणे सर्वांत मोठ्या नावांत सापडतात. लिओ फेंडर यांनी १९६५ साली आपली गिटारची कंपनी अमेरिकेतल्या सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली. पुढे १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नवा कारखाना काढला, तेव्हा गिटार तेच बनवत होते, परंतु त्यावर 'फेंडर' लिहिण्याचा अधिकार त्यांना राहिला नव्हता. ती वाद्ये 'जी अँड एल' या नावाने निघाली. याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. १९८५ साली सीबीएसने ही कंपनी तिच्याच कर्मचाऱ्यांच्या गटाला विकली, तेव्हा त्या सौद्यात कॅलिफोर्नियातला जुना कारखाना नव्हताच. मुख्यतः नाव, पेटंटे आणि शिल्लक सुटे भाग होते. इमारत आणि यंत्रे यांच्याशिवाय केवळ नाव विकत घेऊन व्यवसाय पुन्हा उभा राहिला.

ड्रमच्या क्षेत्रात विल्यम लुडविग यांचे असेच झाले. १९०९ साली शिकागोत भावासोबत काढलेली 'लुडविग अँड लुडविग' ही पेढी पुढे कॉन कंपनीकडे गेली. १९३७ साली त्यांनी स्वतंत्र कारखाना काढला, पण नाव कॉनकडे असल्यामुळे ड्रमवर स्वतःच्या आद्याक्षरांवरून 'डब्ल्यूएफएल' असे लिहावे लागले. आपलेच आडनाव त्यांना १९५५ साली कॉनकडून पैसे मोजून परत घ्यावे लागले. सिंथेसायझरचे जनक बॉब मूग यांनाही आपल्या नावाचा हक्क २००२ साली, बऱ्याच झगड्यानंतर, परत मिळाला.

वारसांनी या तिन्ही हकीकती लक्षात ठेवाव्यात. आजोबांनी किंवा काकांनी पेढी 'नावासकट' कुणाला दिली असेल, तर घरात सुतारकामाची सारी हत्यारे, सुरांचे साचे आणि पट्टशिष्य असूनही नाव घरात असेलच असे नाही. तसेच ज्या कारागिराने तीस वर्षे त्या नावाच्या पेट्या बनवल्या, त्यालाही केवळ त्या कारणाने नावावर हक्क मिळत नाही.

आधी नाव नीट वाचावे

तपासणीचा आरंभ वाद्यापासूनच करावा. पेटीच्या पुढच्या फळीवरची पितळी पट्टी, भात्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी, झाकणाखालचा शिक्का आणि सुरांच्या पट्टीवरचा ठसा या चार जागी अनेकदा चार वेगळी नावे असतात. सुरांवरचे नाव सूर बनवणाऱ्याचे असते, मग ते पालितान्याचे असोत की परदेशी. फळीवरचे नाव पेटी बनवणाऱ्याचे किंवा नुसते विकणाऱ्याचेही असू शकते. पियानोंमध्ये हा घोळ जास्त आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला कारखान्यांनी विक्रेत्याच्या मागणीनुसार हवे ते नाव घालून पियानो पुरवण्याची रीत सर्रास होती. अशा वेळी झाकणावर झळकणारे 'ऐतिहासिक' नाव हे कुठल्या तरी दुकानाचे असते आणि त्या नावाचा कारखाना कधी अस्तित्वातच नसतो.

व्हायोलिनच्या बाबतीत आतल्या चिठ्ठीवर मुळीच विसंबू नये. आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ साली वारले, पण त्यांच्या नावाची लॅटिन चिठ्ठी लावलेली कारखानी व्हायोलिने जर्मनीतून ढिगाने बाहेर पडली. त्या चिठ्ठीतून मालकी कळत नाही, फार तर नमुना कुणाचा ते कळते. गंमत अशी की 'स्त्रादिवारिउस' हे नाव आज जगभर ज्या दुकानांवर मोठ्या अक्षरांत दिसते ती कपड्यांची आहेत आणि इंडिटेक्स या स्पॅनिश समूहाची आहेत. ट्रेडमार्क मालाच्या वर्गानुसार मिळतो, हे समजून घ्यायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

नावातला कोणता भाग कुणाचाच होऊ शकत नाही, हेही इथेच ठरवावे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबाँ यांनी १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले आणि ते नावही स्वतःकडे राखले, त्यामुळे इतर कारागिरांना आपल्या वाद्यांना दुसरी नावे द्यावी लागली. आज मात्र तो शब्द सर्वांचा आहे. 'स्पेशल', 'संगीत', 'स्वर', 'सूरपेटी' असे शब्द एकट्याने राखून मिळणे कठीणच. गावाच्या नावाचा प्रश्न आणखी निराळा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे 'मिरज' हा शब्द त्या वाद्यांसाठी कुणा एका दुकानाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही; तो वापरण्याचा मार्ग त्या मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेण्याचा आहे. आणि मिरजेत सतारमेकर हे आडनाव लावणारी घरे अनेक असल्यामुळे तिथे नुसत्या आडनावावर एकाचाच ताबा सांगणे किती अवघड आहे, हे वेगळे सांगायला नको.

रजिस्टर कसे पाहावे

ट्रेडमार्क रजिस्ट्रीचे मुख्य कार्यालय मुंबईतच, अँटॉप हिलला आहे, पण शोधासाठी तिथे जाण्याची गरज नाही; सरकारच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनामूल्य आहे. वाद्ये वर्ग १५ मध्ये येतात, म्हणून पहिला शोध तिथे घ्यावा. नंतर वर्ग ३५ मध्ये विक्री-सेवा, वर्ग ३७ मध्ये दुरुस्ती, वर्ग ४१ मध्ये शिकवणी आणि वर्ग ९ मध्ये अॅम्प्लिफायर व ध्वनिमुद्रणाची साधने पाहावीत, कारण वाद्याच्या दुकानाचे नाव यांपैकी कशातही आधीच अडकलेले असू शकते.

इथे बहुतेकांचा शोध अपुरा राहतो तो स्पेलिंगमुळे. मराठी आडनाव इंग्रजीत लिहिताना कुणी 'व्ही' लावतो, कुणी 'डब्ल्यू'. कुणी एक 'ए' घालतो, कुणी दोन. 'श' साठी कुणी 'एस' वर भागवतो. जुन्या पेढ्यांच्या एकाच बिलबुकात दोन स्पेलिंगे सापडतात. म्हणून नाव जसेच्या तसे, मग त्याचा पहिला भाग, मग उच्चारानुसार, आणि शेवटी देवनागरीत, असे निरनिराळ्या प्रकारे शोधावे. जे अर्ज सापडतील त्यांचे क्रमांक टिपून प्रत्येकाची स्थिती आणि जोडलेली कागदपत्रे उघडून पाहावीत. अर्जदाराने कोणत्या तारखेपासून वापर असल्याचे लिहिले आहे, पुरावा काय जोडला आहे आणि परीक्षकाने काय आक्षेप घेतला आहे, हे सारे तिथे वाचता येते, आणि वादाचा निम्मा अंदाज त्यातूनच येतो.

जुने प्रमाणपत्र हाती आले तर ते आजच्या मुदतीने वाचू नये. भारतात ट्रेडमार्कचे रजिस्टर सुरू झाले ते १९४० च्या कायद्याने. त्याआधी व्यापारी आपल्या चिन्हाच्या मालकीचे जाहीरपत्र दस्तनोंदणी कार्यालयात नोंदवून ठेवत. घरच्या जुन्या ट्रंकेत असा कागद निघाला तर तो नोंदणीचे प्रमाणपत्र नाही, परंतु जुन्या वापराचा पुरावा म्हणून मोलाचा आहे. १९५८ च्या कायद्याखाली नोंदणी सात वर्षांची असे. १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ रोजी लागू झाला, त्याच्याखाली ती दहा वर्षांची आहे आणि दर दहा वर्षांनी कितीही वेळा वाढवता येते.

रजिस्टरमध्ये 'रिमूव्हड' असा शेरा दिसला की लोकांना आनंद होतो. तो आवरावा. नूतनीकरणाची मुदत संपल्यावर सहा महिने अधिभार भरून नूतनीकरण करता येते, आणि त्यानंतर मुदत संपल्यापासून एक वर्ष होईपर्यंत नोंद पूर्ववत करण्यासाठी अर्ज करता येतो. शिवाय नाव काढण्यापूर्वी मालकाला नोटीस पाठवणे रजिस्ट्रीवर बंधनकारक आहे, आणि ती न पाठवता काढलेले नाव कायदेशीररीत्या काढलेले ठरत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सिप्ला कंपनीच्या प्रकरणात दिला आहे. म्हणजे वर्षानुवर्षे 'रिमूव्हड' दिसणारे नावही पुन्हा उभे राहू शकते.

वापराचा पुरावा, आणि त्याची तारीख

माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वाधिक वेळ इथे द्यावा. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीकृत मालकसुद्धा त्याच्या आधीपासून सलग वापर करणाऱ्याला अडवू शकत नाही, आणि आधीच्या वापरकर्त्याचा हक्क नोंदणीपेक्षा वरचढ असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सय्यद मोहिदीन विरुद्ध सुलोचना बाई या प्रकरणात स्पष्ट केले. उलट बाजूने, कलम ४७ नुसार नोंदणी झालेले नाव अर्जाच्या तीन महिने आधीच्या तारखेपर्यंत सलग पाच वर्षे किंवा अधिक काळ वापरलेच नसेल, तर ते रजिस्टरमधून काढण्याची मागणी बाधित व्यक्ती करू शकते. तेव्हा आपल्या बाजूचा वापर सिद्ध करायचा असो की समोरच्याचा वापर थांबल्याचे दाखवायचे असो, तारखा लागतात.

जुन्या बिलांवर तारीख असतेच असे नाही, पण ती काढता येते. बिल आणे-पैत असेल तर ते दशमान नाणी येण्याच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७ च्या, आसपासचे किंवा आधीचे असते. पत्त्यात नुसते 'बॉम्बे ४' असेल आणि सहा आकडी पिन कोड नसेल तर कागद बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधी छापलेला असतो, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाले. मात्र जुना छापील साठा संपेपर्यंत वापरण्याची आपली सवय लक्षात घेऊन दोन-चार वर्षांची सूट ठेवावी. बीएसटी क्रमांक मुंबई विक्रीकराच्या काळाकडे बोट दाखवतो, व्हॅटचा टिन क्रमांक १ एप्रिल २००५ नंतरचा, आणि जीएसटी क्रमांक १ जुलै २०१७ नंतरचा. गुमास्ता लायसन्सवर दुकानाचे नाव आणि मालकाचे नाव दोन्ही असतात, म्हणून ते सर्वांत उपयोगी. त्याखेरीज दिवाळी अंकांतल्या जाहिराती, संगीत संमेलनांच्या स्मरणिका, नाट्यसंस्थांच्या हिशेबवह्या, शाळांनी केलेल्या खरेदीच्या पावत्या, हे सर्व गोळा करावे. जाहिरात कापून घेऊ नये. अंकाचे मुखपृष्ठ, वर्ष दिसणारे पान आणि जाहिरातीचे पान यांची एकत्र छायाप्रत ठेवावी.

एक प्रश्न वारंवार येतो: दुकान बंद झाले, पण घरातला एक काका त्याच नावाने पेट्या सुरात लावून देत होता, भाते बदलून देत होता, हा वापर धरला जाईल का? त्याने नावाची पावती दिली असेल तर निदान दुरुस्तीच्या सेवेपुरते नाव पूर्ण सोडले नव्हते असे म्हणायला आधार मिळतो. नवी पेटी एकही विकली नसेल तर 'सन अमुकपासून अखंड' हा दावा मात्र करू नये. अर्जात वापराची तारीख लिहिली की तिला शपथपत्र आणि पुरावा जोडावा लागतो, आणि समोरचा वकील पहिला हात त्या तारखेवरच टाकतो. मध्ये मोठा खंड असेल तर 'पुढे वापरणार' असा अर्ज करणे प्रामाणिक तर आहेच, शिवाय टिकणारेही आहे.

घरातल्या घरात नाव कुणाकडे गेले

पेढी एकट्याच्या मालकीची असेल तर तिचे नाव मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने पुढे जाते. वारस अनेक असतील तर ते सर्वांकडे जाते, आणि एका भावाने गुपचूप आपल्या एकट्याच्या नावावर केलेला अर्ज बाकीच्यांच्या हरकतीने अडकतो. भागीदारी पेढी असेल तर भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम १४ नुसार गुडविल, म्हणजे पेढीने कमावलेली पत, ही पेढीची मालमत्ता असते, कुठल्या एका भागीदाराची नाही. त्यामुळे भागीदारीपत्र, निवृत्तीपत्र आणि पेढी मोडल्याचा लेख हे तिन्ही कागद मिळवावेत आणि त्यांत नावाविषयी काय लिहिले आहे ते शब्दशः वाचावे. पेढीची नोंदणी झालेली असेल तर फर्म रजिस्ट्रारकडून उतारा मागवता येतो. खासगी कंपनी असेल आणि तिचे नाव कंपनी रजिस्ट्रारने काढून टाकले असेल, तर तिची उरलेली मालमत्ता भागधारकांच्या घरी आपोआप चालत येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

भावाभावांत वाटण्या झाल्या, प्रत्येकाने आडनावाचे दुकान थाटले आणि प्रत्येकाच्या पाटीवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे रंगवले गेले, हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार आहे. अशा वेळी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३५ चा आधार घेतला जातो, कारण प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एका सराफी घराण्याच्या वादात तो आधार मान्यही केला. परंतु 'किर्लोस्कर' या नावाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने त्या नावाने काढलेल्या वेगळ्या कंपन्यांना मनाई कायम ठेवली. पहिला निकाल ऐकून निश्चिंत होणाऱ्याने दुसराही वाचावा. माझा सल्ला असा की आडनाव सामायिक असेल तर पूर्ण नाव, गावाचे किंवा गल्लीचे नाव आणि निराळी अक्षरशैली वापरून आपली पाटी दुरूनही वेगळी दिसेल असे करावे, आणि भावंडांशी कोण काय वापरणार याचा लेखी करार करावा. एकाच ओळीतून आलेली दोन नावे शेवटी किती वेगळी करावी लागतात, याचा दाखला पियानोंमध्ये आहे. स्टाइनवेग कुटुंबाने १८५३ साली न्यूयॉर्कमध्ये 'स्टाइनवे' काढली. मागे जर्मनीत राहिलेल्या मुलाने १८६५ साली आपली पेढी ग्रोट्रियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना विकली आणि ती 'ग्रोट्रियान-स्टाइनवेग' म्हणून वाढली. शंभरहून अधिक वर्षांनी, १९७५ साली, अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तिथे 'स्टाइनवेग' वापरण्यास मनाई केली, जरी त्या शब्दाचा उगम खरा होता.

नाव विकत घेत असाल तर हस्तांतरणाचा दस्त योग्य मुद्रांकावर करावा, त्यात गुडविलसह की गुडविलशिवाय हे स्पष्ट लिहावे आणि नोंदणीकृत नाव असल्यास टीएम-पी अर्जाने रजिस्टरवर बदल करून घ्यावा. नोंदणी नसलेले नावही कलम ३९ नुसार हस्तांतरित होते. गुडविलशिवाय घेतल्यास कलम ४२ नुसार सहा महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडे जाहिरातीबाबत निर्देश मागावे लागतात, आणि ही मुदत अनेक जण विसरतात. विकायचे नसेल तर ग्रेच या वाद्ये बनवणाऱ्या घराण्याचा मार्ग आहे: १८८३ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली ही पेढी १९६७ साली बाल्डविन या पियानो कंपनीकडे गेली, १९८० च्या दशकात घराण्याने नाव परत मिळवले आणि २००२ साली मालकी आपल्याकडे ठेवून उत्पादन व वितरण फेंडरकडे सोपवले.

परदेशी नाव 'मोकळे' दिसते तेव्हा

भारतीय रजिस्टरमध्ये सापडले नाही म्हणजे नाव मोकळे, असे नाही. भारत २०१३ साली ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद प्रोटोकॉलमध्ये सामील झाला असल्यामुळे परदेशी मालक तिकडून अर्ज करून भारतात संरक्षण मागू शकतो. म्हणून जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सार्वजनिक शोधयंत्रात, आणि वाद्य ज्या देशातले त्या देशाच्या रजिस्टरमध्येही पाहावे. कंपनी बंद पडली असली तरी तिचे नाव बहुधा कुणी तरी विकत घेतलेले असते.

व्हर्लपूलचे प्रकरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवावे. त्या कंपनीची भारतातली नोंदणी १९७७ साली नूतनीकरणाअभावी संपली होती, आणि १९८६ साली इथल्या दुसऱ्या व्यापाऱ्यांनी तेच नाव मागितले. तरीही १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कंपनीच्या बाजूची मनाई कायम ठेवली, कारण तिची कीर्ती सीमा ओलांडून इथे पोहोचलेली होती. याउलट २०१७ साली 'प्रियस' या मोटारीच्या नावाबाबत टोयोटा हरली, कारण संबंधित काळात ते नाव भारतीय ग्राहकांना माहीत होते हे तिला दाखवता आले नाही. पियानोच्या किंवा व्हायोलिनच्या नावाला हेच माप लावावे: मुंबईतले वादक, शिक्षक आणि परीक्षेला बसणारी मुले ते नाव ऐकून परदेशी कारखाना आठवतात का? आठवत असतील तर त्या नावापासून दूर राहणे बरे. आयातबंदीच्या काळात माल आला नाही एवढ्यावरूनही मालकाने नाव सोडले असे धरू नये. आयातीवरचे निर्बंध हे वापर न होण्याचे सबळ कारण असू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हार्डी ट्रेडिंगच्या प्रकरणात म्हटले आहे.

अर्ज आणि त्यानंतर

हे सर्व पाहून नाव घेण्याजोगे वाटले तर टीएम-ए अर्ज ऑनलाइन भरावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. मालाचे वर्णन 'सर्व वाद्ये' असे न करता 'हार्मोनियम, ऑर्गन, तंबोरा' असे नेमके करावे. शब्द आणि जुनी सजावटीची पट्टी यांचे अर्ज वेगळे केलेले चांगले. रजिस्ट्रीच्या परीक्षकाच्या अहवालाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी निघते; त्यात प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांपर्यंत कुणीही हरकत घेऊ शकतो, आणि हरकतीची प्रत मिळाल्यावर दोन महिन्यांत उत्तर दिले नाही तर अर्ज सोडून दिला असे समजले जाते. दुसऱ्या कुणी आपल्या घरचे नाव मागितले असेल तर हेच चार महिने आपल्याही कामाचे आहेत, म्हणून जर्नल पाहत राहावे. नोंदणी पूर्ण होईपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहावे. वर्तुळातले 'आर' हे चिन्ह नोंदणीआधी लावणे बेकायदेशीर आहे.

जुनी वाद्ये दुरुस्त करून विकणाऱ्यांना नाव विकत घेण्याची गरज नसते. कायदेशीररीत्या घेतलेले अस्सल वाद्य त्याच्या नावासकट पुन्हा विकता येते. परंतु कलम ३० नुसार मालाची अवस्था बदलली किंवा बिघडली असेल तर मालक आक्षेप घेऊ शकतो. पियानोचा आतला साउंडबोर्ड, तारा आणि हातोड्या सर्व बदलल्यानंतर पुसट झालेले नाव नव्या डेकालने (चिकटवायच्या छापील अक्षरांनी) ठळक करून तो 'अस्सल' म्हणून विकणे याच कचाट्यात येते. पावतीवर मूळ बनावट, अंदाजे काळ आणि आपण बदललेले भाग ओळीने लिहावेत, आणि आपल्या दुकानाची पट्टी लावायचीच असेल तर ती मागच्या बाजूला, 'दुरुस्ती' हा शब्द घालून लावावी.